टेम्पीच्या नळीचा पीळ

मी, एनॉस क्रॅबट्री, बंदुकीच्या नळ्यांत खाचा पाडणारा, राहणार लॉरेल फोर्क, पूर्व टेनेसी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. तापलेले आहे, पण ठिकाणावर आहे.

घर, मक्याचे शेत, दोन्ही खेचरे आणि खाचा पाडायचा लाकडी सांगाडा अवजारांसह माझी मुलगी टेम्पी हिला द्यावा.

आता माझा मुलगा हार्लन. गेल्या पानगळीत नेमबाजीची शर्यत लागली, बक्षीस बैलाचे मांस, तेव्हा त्याने टेम्पीने घडवलेली बंदूक नेली. त्या नळीतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा सहासष्ट इंचांत एकच वेढा घेतात. एवढा सैल पीळ कापडात गुंडाळलेल्या गोल गोळीसाठी असतो. या दीडशहाण्याने दुकानातून लांब, टोकदार गोळ्या आणल्या. त्यांना दुपटीहून घट्ट पीळ लागतो, नाहीतर त्या हवेत कोलांट्या खातात. टेम्पीने सर्वांदेखत सांगितले, "अरे, ही गोळी या नळीची नाही. गोल घाल."

"आता तू मला बंदूक शिकवणार होय गं?"

गोळी फळीवर आडवी आपटली. लांबट भोक बघूनच चूक कळत होती. पण हार्लन ओरडला, "नळीच वाकडी! बाईच्या हातचं काम, दुसरं काय होणार?" लोक हसले. तेव्हापासून टेम्पीकडे एकही गिऱ्हाईक फिरकलेले नाही आणि तिने सांगाड्यावर गोधडी टाकून ठेवली आहे. माझा संताप मेल्यावरही जाणार नाही.

उरलेल्या लांब गोळ्या हार्लनला द्याव्यात.

मला पुरल्यावर, जेवण वाढण्यापूर्वी, त्याने तीच बंदूक गोल गोळी घालून सर्वांसमोर झाडावी. भोक गोल पडेल. मग म्हणावे, "नळी सरळ होती. चुकीची गोळी मी घातली." पुटपुटलेले चालणार नाही. शेजारी सायलस ठार बहिरा आहे. तो सर्वांत मागे उभा राहील आणि त्याला ऐकू गेले पाहिजे. न केल्यास टेकडीवर माझ्या कबरीशेजारची जागा हार्लनला देऊ नये.

हे वाचून सायलस आत्ताच म्हणाला, "एनॉस, पोरानं एवढं केलं तर शेत तरी दे की रे त्याला!"

नाही. सगळे केले तरी शेत टेम्पीचेच. बहिणीचे नाव त्याने फुकट घालवले. परतही फुकटच द्यावे.

सही: एनॉस क्रॅबट्री
लॉरेल फोर्क, ३ मार्च १८८१

आमच्यासमक्ष सही झाली:
सायलस गुइन (स्वतः वाचून)
ऑर्फा ब्लेव्हिन्स