टिकलीवरची साय

३ मार्च
आलो बाई एकदाचे! घर झकास आहे. दोन खोल्या, मोठी खिडकी आणि समोर गोठेच गोठे. आमच्या छोट्या ठमीने पोचल्या पोचल्या खिडकीत बसून गाई मोजायला घेतल्या. पंधराच्या पुढे गाडी जात नाही, म्हणून पुन्हा एकपासून सुरू. नवरा नाक मुरडत म्हणाला, शेणाचा वास येतो. म्हटलं, येऊ दे, त्याच वासावर आपलं घर चालणार आहे.

५ मार्च
कामाला लागले. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, कुरकुरणारा फ्रिज आणि मोठ्या बाई. त्या इथल्या प्रमुख. निवृत्तीला आल्यात, तोंडाने फटकळ आहेत, म्हणजे आमचं जमणार!

काम सोपं आहे. गोठ्यांतले नमुने येतात. त्यांतले जंतू काचेच्या बशीत पसरायचे, वर औषधात भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवायच्या आणि बशी उबेत ठेवून द्यायची. सकाळी बशीवर दुधासारखी साय धरलेली असते. औषध लागू पडलं तर टिकलीभोवती स्वच्छ गोल राहतो, तो पट्टीने मोजायचा. गोल नसेल तर शून्य लिहायचं. शून्य म्हणजे जंतू त्या औषधाला जुमानत नाही. आज जनावरांत आहे ते उद्या माणसांत येतं, म्हणून ही पाळत. मला हे काम मनापासून आवडतं.

९ मार्च
रविवार. ठमीला समोरच्या गोठ्यात नेलं. वासरं तिची बोटं लुटुलुटु चोखत होती आणि ही खिदळत होती. तिला तिथून हलवताना नाकी नऊ आले.

गोठ्याच्या मालकीणबाई बादलीतून वासरांना दूध पाजत होत्या. म्हणाल्या, इंजेक्शन चालू असलेल्या गाईचं दूध विकता येत नाही, मग फेकायचं कशाला? मी म्हटलं, अहो, म्हणजे रोज थोडं थोडं औषध वासरांच्या पोटात जातंय, जंतूंना आयती तालीम! त्या हसल्या. वासरं कशी गुटगुटीत आहेत बघा, म्हणाल्या. होती खरी.

१२ मार्च
त्याच गोठ्यातल्या वासराची बशी आज उघडली. एकाही टिकलीभोवती गोल नाही. तेवढंच असतं तर शून्य लिहून मोकळी झाले असते. पण बाकी बशीत साय विरळ आणि प्रत्येक टिकलीपाशी दाट. सगळ्यांत दाट कुठे? माणसांच्या दवाखान्यात सगळे उपाय थकल्यावर जे औषध काढतात, त्याच्या टिकलीपाशी. तिथे तर साय टिकलीवर चढली होती.

मोठ्या बाई म्हणाल्या, अशी बशी येते अधूनमधून, पसरताना हात हलला असेल, फेकून दे आणि शून्य लिही. मी तरी दुसरं काय लिहिणार? फॉर्ममध्ये शून्याच्या खाली काही नाहीच. लिहिलं शून्य. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

१४ मार्च
पुन्हा करून पाहिलं. तस्संच! टिकली न ठेवलेली बशी जवळजवळ कोरी. म्हणजे औषध नसलं की ते उपाशी मरतं. औषध खाऊन जगतंय मेलं!

मोठ्या बाईंनी दोन्ही बशा उजेडात धरून पाहिल्या. मग म्हणाल्या, आजवर अशा किती फेकल्या, आठवत नाही. त्या बशा घेऊन शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत गेल्यात.

घरी आले तर ठमीचं बोट सुजलेलं. नखाजवळची साल तिने गोठ्यात जायच्या आदल्या दिवशीच ओढून काढली होती म्हणे.

१५ मार्च
डॉक्टरांनी जंतू मारायचं गोड औषध दिलं. सकाळी पाजलं, दुपारी सूज मनगटापर्यंत.
जखम मीच धुते. हातमोजे घातले की रडते. आईचा हात हवा म्हणते. काढून ठेवले.

१६ मार्च
दवाखान्यात आणलं. औषध बदललं. ताप चढला. पुन्हा बदललं. आणखी चढला. नवरा म्हणतो, योगायोग. योगायोग कसला डोंबलाचा! मला ती बशी दिसते. बशीच्या जागी माझी पोर.
मोठ्या बाईंचा फोन लागत नाही.

१७ मार्च
डॉक्टर आता ते शेवटचं औषध काढणार. मी सांगितलं, नका देऊ, ते जंतूचं खाणं आहे. त्यांनी प्रयोगशाळेतून मागवलेला आमचाच अहवाल पुढे केला. माझं अक्षर. शून्य. म्हणाले, शून्य म्हणजे फार तर उपयोग होणार नाही, अपाय तर नाही ना? मी ओरडले. नवऱ्याने दंड धरून बाहेर नेलं. लोक बघत होते. बघोत.

बाटली लावली. सुजेपासून हातावर चढलेली लाल रेघ कोपराच्या वर सरकली — माझ्या डोळ्यांदेखत —
नर्स वळली आणि मी नळी बंद केली. बाटली मोरीत ओतली. नर्सने पुढची लावली, तीही ओतली. कोणाला पत्ता नाही.

१८ मार्च
ताप उतरला! रेघ फिकी. ठमीने पाणी मागितलं. रडले मी.
डॉक्टर खूश. म्हणाले, बघा, शेवटचं औषध कसं लागू पडलं! नवऱ्याने त्यांचे हात धरले.
सांगायला हवं. पण आत्ता सांगितलं तर पुन्हा लावतील. ती उठून बसली की सांगेन.
माझं बोट ठणकतंय.

१९ मार्च
ठमी उठून बसली. माझा हात कोपरापर्यंत — घसा सुजलाय, शब्द फुटत नाही. खुणा केल्या. नवरा म्हणतो, घाबरू नकोस, जे लेकीला दिलं तेच तुला देतायत, दुप्पट —

लिहून दाखवलं. ओतलं, दिलंच नाही. त्याला अक्षर लागेना. तापात बरळतेय, म्हणाला. कपाळावरून हात फिरवला —

लावली. थंड चढतंय दंडात — ठमी शेजारी — तिला अजून वाचता येत नाही — बाळा, ती नळी, तेवढी नळी दा