दुधी नळीतली तार

मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय घाईबाई,

तीन वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही, याची माफी मागते. ती लगेच देऊ नकोस, आधी मला तुझ्याशी भांडायचं आहे. त्या दिवशी चौकशी समितीपुढे आपल्या मार्गदर्शक सरांनी तुला विचारलं, आकडे रचलेस का? तू नाही म्हणालीस, एकदाच, आणि पिशवी उचलून निघून गेलीस. एरवी लिफ्टशी, वजनकाट्याशी, न उघडणाऱ्या बाटल्यांशी भांडायचीस. जिथे भांडायला हवं होतं तिथे मात्र गप्प. पाच वर्षांच्या पीएचडीवर पाणी सोडलंस. मागच्या महिन्यात तुझ्या दुकानावरून गेले. काचेतून दिसलीस, लेझरवर कुणाच्या तरी दाराची पाटी कोरत होतीस. मी आत आले नाही. कोपरा वळेपर्यंत संतापाने माझे कान तापले होते.

सरांवरचा राग तर मी औषधासारखा वेळच्या वेळी घेते. निकाल चांगले होते तोवर तो ‘आमचा शोध’ होता. दुसऱ्या दोन प्रयोगशाळांना ते जमेनात, नंतर तुझ्याच हातून पुन्हा येईनात, तेव्हा ते ‘तिचे आकडे’ झाले. आणि काय निकाल होते ते! पिवळट प्लास्टिकच्या पट्टीवर लेझर फिरला की मखमलीसारखी काळी रेघ उठायची, तेच आपलं कार्बनचं ग्राफीन. त्यावर कोबाल्टच्या क्षाराचा थेंब टाकून पुन्हा लेझर फिरवला की धातूचे बारीक कण त्यात रुतून बसायचे. झाला उत्प्रेरक. पट्टी आम्लात बुडवून जराशी वीज सोडली की हायड्रोजनचे बुडबुडे, प्लॅटिनमसारख्या महागड्या धातूचा कणही न वापरता. शिवाय पट्टी वापरावी तशी सुधारत जायची. सर हे सभांमधून मिरवायचे आणि भरल्या सभागृहात एकानेही विचारलं नाही, की झिजायची ती वस्तू सुधारते कशी? मीही विचारलं नाही. टाळ्या वाजवल्या.

गेल्या बुधवारी प्रयोगशाळेत नव्या मुलीच्या पट्ट्या मी मोजत होते. अगदीच मरगळलेल्या होत्या. पट्टीसमोर विजेचं दुसरं टोक लागतं, ते म्हणजे आपली कार्बनची कांडी. ती दुधी काचेच्या नळीत असते, त्यामुळे बाहेरून दिसत नाही. कांडी माझ्या हातून मोडली. दुसरी येईपर्यंत काम अडायला नको, म्हणून खणातली प्लॅटिनमची तार मी नळीत घातली. शुक्रवारी त्याच पट्ट्या उसळायला लागल्या. मी खुर्चीत बसूनच राहिले. आम्लात त्या तारेचं प्लॅटिनम नखभरही नसेल एवढं, पण विरघळतं, नळीच्या सच्छिद्र तळातून झिरपतं आणि समोरच्या पट्टीवर जाऊन बसतं. हायड्रोजन काढण्यात त्याचा हात कोण धरणार?

तुझ्या पट्ट्यांची डबी सरांनी तेव्हाच फेकायला सांगितली होती. मी काही फेकत नाही, तू त्यावरून किती चिडवायचीस. झाकणावर अजून तुझ्या वाकड्या अक्षरात ‘हात लावाल तर बघा’ आहे. मी हात लावला. तीन पट्ट्या तपासायला दिल्या, आणि काल अहवाल आला. तिन्हींवर प्लॅटिनम. म्हणजे कमाल लेझरची नव्हती, तुझ्या कोबाल्टचीही नव्हती. पण तू जे मोजलंस तेच लिहिलं होतंस.

अहवाल घेऊन तडक सरांकडे गेले. त्यांनी तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि म्हणाले, “मिटलेलं प्रकरण कशाला उकरता? ती रमली असेल आता कुठेतरी.” माझं डोकंच फिरलं. म्हटलं, ती दाराच्या पाट्या कोरते सर, तुमची जुनी झाली असेल तर सांगते तिला. त्यावर ते चिडले नाहीत. थंडपणे एवढंच म्हणाले, “त्या वेळी नळीत तार घातली कोणी, तेही शोधा मग.”

घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. माझी सवय तुला ठाऊक आहे, पानाच्या शेवटी उद्याचं एक काम, आणि ते झालं की बरोबरची खूण. तुझ्या पहिल्या मोठ्या निकालाच्या चार दिवस आधीचं पान सापडलं. कांडी मोडली, तार लावली, असं माझ्याच अक्षरात. खाली उद्याचं काम, तुला त्या तारेचं सांगायचं. त्यावर खूण नाही. दुसऱ्या दिवशी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, मी पंधरा दिवस रजेवर गेले. परत आले तर नवी कांडी येऊन पडली होती. ती बसवली, तार खणात टाकली आणि साफ विसरले. समितीने मला विचारलं होतं, मांडणीत काही बदल केला होता का. मी नाही म्हणाले. वही कपाटात होती, बघायला पाच मिनिटं पुरली असती. एक आकडा तीनदा तपासणारी मी, तेव्हाच का बघितलं नाही? कालपासून स्वतःला विचारते आहे आणि दरवेळी तेच उत्तर येतं. तू आकडे रचलेस, असं मलाही वाटलं होतं. खात्रीच होती, म्हणून वही उघडली नाही. तुझ्यावर रागावून तीन वर्षं मी मजेत झोपले.

आज दुपारी वही, डबी, अहवाल आणि माझा लेखी जबाब समितीकडे दिला. पोच घेतली. माझं व्हायचं ते होईल. वर मागितलेली माफी फक्त पत्र न लिहिल्याची समज, बाकीची मी मागत नाही. तू भांड. हे पत्र पोस्टात टाकणार नाही, दुकान उघडायला येशील तेव्हा दारात उभी असेन. वही आता माझ्याकडे नाही, म्हणून उद्याचं काम इथेच लिहिते.

तुझीच,
वहीताई

उद्या : घाईबाईला तारेचं सांगणे.