चांदणीचा पासपोर्ट

२ मार्च

आमच्या घरात आजवर एकाही माणसाचा पासपोर्ट नाही. पहिला निघणार तो घोडीचा!

पप्पांनी आज जेवताना जाहीर केलं — यंदा ज्ञानेश्वरी, म्हणजे मी, सोलापूरच्या घोडेस्वारी स्पर्धेत उतरणार. मान्यताप्राप्त! हा शब्द पप्पा असा म्हणतात, जणू तोंडात पेढाच आहे. वाशीला तहसील कचेरीत क्लार्क आहेत ना, शिक्का नसलेली गोष्ट त्यांना दिसतच नाही. "दहावीला मार्क वाढतात. पुढं नोकरीत खेळाडूंचं आरक्षण." म्हणजे मी घोडीवर बसणार ती थेट तहसीलच्या खुर्चीत उतरणार.

आबा भाकरी कुस्करत म्हणाले, "आन जत्रंतली शर्यत?"

"तिला कुठली मान्यता, आबा?"

"देव बसलाय की हितं! आनखी कुणाची मान्यता पायजे रं?"

झालं. आमटी गार झाली तरी दोघं गरमच.

५ मार्च

चांदणी आबांची, असं सगळं गाव म्हणतं. म्हणू दे. शिंगरू होती तेव्हापासून तिचं शेण मी काढते, तेव्हा कुणी मालकी सांगायला आलं नाही.

तिला एक खोड आहे. माझी हाक ऐकल्याशिवाय ती पळत नाही. "हुर्र्या चांदे!" म्हटलं की सुटते. बाकी कुणी टाच मारा, चुचकारा, हात जोडा — ढिम्म! आबा म्हणतात, "घोडी खुळी हाय." आई म्हणते, "जिनं लावली सवय, ती खुळी."

९ मार्च

जत्रेचे पंच योगीराजकाका चहाला. घोडीचं कौतुक करून दोन कप प्यायले. "आना की शर्यतीला! लई गुणाची घोडी."

मी विचारलं, "आणि मी?"

काका बशीत बघत म्हणाले, "पोरीला बंदी न्हाय बरं का. पन प्रथा न्हाय."

बंदी असती तर मोडली असती. प्रथा कुठून मोडायची, तिला हातही नाही अन् पायही नाही!

मग बसणार कोण? समर्थ. माझा चुलतभाऊ, माझ्याहून एका वर्षानं मोठा. मी त्याला माकडच म्हणते. घोडी जरा वेगात गेली की डोळे मिटतो. पण पोरगा आहे ना, मग झालं.

१५ मार्च

सोलापूरच्या स्पर्धेच्या सरांचा फोन. चांदणी चालणार नाही. लस, रक्ताची तपासणी, मग पासपोर्ट, म्हणजे घोड्याचं ओळखपत्र — यंदा काही जमत नाही. "मुलगी मात्र चालेल. घोडा आमच्याकडचा देऊ."

वा! सोलापूरला मी चालते, घोडी चालत नाही. जत्रेत घोडी चालते, मी चालत नाही. दोघींनी मिळून जायचं तर आमच्या बांधापर्यंत.

पप्पांनी तरी पासपोर्टचा अर्ज टाकलाच. अर्ज टाकल्यावर त्यांना रात्री छान झोप लागते.

१६ मार्च

रडले. आईला सांगितलं, डोळ्यात भुसा गेला.

मला मार्क नकोत आणि जत्रेत जिंकणाऱ्याला बांधतात तो फेटाही नको. जत्रेत भोंग्यावरून पुकारतात ना — घोडी अमकी, स्वार तमका — तसं चांदणी आणि मी, एका दमात पुकारायला पाहिजे. बस्स, एवढंच. पण एवढंसं मागितलं की कुणाला ऐकूच जात नाही.

२४ मार्च

दोन्ही एकाच दिवशी! सहा एप्रिल. मी सोलापूरला, चांदणी समर्थबरोबर जत्रेत. ठरलं.

कुणी ठरवलं? पप्पांनी आबांना विचारलं, आबांनी योगीराजकाकांना, आईनं पंचांगाला. गूळ चारताना आबांनी चांदणीलासुद्धा विचारलं — "जाशील नव्हं समर्थसंगं?" तिलासुद्धा!

३० मार्च

पप्पांनी स्पर्धेसाठी पांढरीशुभ्र विजार आणली. घोड्यावर! आई एवढंच म्हणाली, "हे धुवायला त्या सोलापूरच्या सरांनाच बोलवा."

६ एप्रिल

आजचं आजच लिहिते.

सोलापूरला सगळं कुजबुजत चालतं. माझा घोडा ब्रिगेडियर. लई शहाणा, माझ्याकडं ढुंकून बघितलं नाही त्यानं. माझा नंबर पुढचाच होता, मी फाटकाशी घोड्यावर तयार. तेवढ्यात पप्पा फोन घेऊन पळत आले, तोंड पांढरंफटक.

फोनमधून समर्थ रडकुंडीला. "ज्ञाने, हलंना गं! सगळी घोडी रेषेवर आलीत, पंचानं झेंडा उचललाय, आन ही गवत खातीय!" मागून आबा ओरडतायत, "फोन तिच्या कानाला लाव! कानाला!"

दोन मिनिटांपूर्वीच तिथल्या सरांनी सांगितलं होतं — मैदानात फोन नाही, आरडाओरडा नाही. माहीत होतं मला. पण चांदणी तिथं गावासमोर उभी, लोक हसत असणार तिला! मी सगळा जीव एकवटून ओरडले —

"हुर्र्याऽऽ चांदे!"

चांदणीचं मग कळलं. आधी ब्रिगेडियर उधळला! सुरुवातीची घंटा व्हायच्या आत मैदानात, उलट्या बाजूनं दोन अडथळे ओलांडले आणि परीक्षकांच्या टेबलासमोर उभा. चहा सगळा त्यांच्या कागदांवर.

"बाद!" कुजबुज नाही, चांगलं मोठ्यानं.

पप्पा फाटकाशी पुतळा झालेले. आणि हातातला फोन बोंबलतोय, "आली! पयली आली! चांदणी पयली!"

मग माझे क्लार्क पप्पा, शिक्क्याशिवाय श्वास न घेणारे, त्या मान्यताप्राप्त मैदानावर दोन्ही हात वर करून नाचले! मला इतके कधीच आवडले नव्हते.

७ एप्रिल

जत्रेत पुकारलं म्हणे — घोडी चांदणी, मालक गोरोबा (म्हणजे आमचे आबा), स्वार समर्थ.

मी नाही.

फोटोत समर्थचे डोळे मिटलेले आहेत. सोलापूरच्या निकालात माझ्या नावापुढं 'बाद' आहे. तिथं निदान नाव तरी आहे. हसू आणायला गेले, आलं नाही.

१० एप्रिल

हरलेल्यांनी पंचांकडं तक्रार केली. फोनवरून हाक चालती का? योगीराजकाका म्हणाले, "अशी प्रथा न्हाय."

आबा उठून उभे राहिले. "पन बंदीबी न्हाय!"

सगळी बैठक हसली म्हणे. निकाल कायम. समर्थ रात्री आला, फेटा माझ्या मांडीवर टाकला. "तुझा हाय. म्या नुसता बसलो हुतो." त्याला आता माकड म्हणणार नाही. निदान आठवडाभर.

१४ एप्रिल

सकाळी चांदणीचा पासपोर्ट मंजूर झाला. दुपारी योगीराजकाका आले, "म्होरल्या साली पोरीलाच बसवा बाबा. तसंच पुकारू." सोलापूर की जत्रा, यावर पप्पा आणि आबांनी भांडायला एकदमच तोंड उघडलं. आई म्हणाली, "गप बसा. तिला इचारा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आणि मला बोलताच येईना!