मनोऱ्यावर जायचं तर धार कोण काढणार

आबा, तुमचा मनोरा अजून उभा आहे. तुमच्या नातीने परवा मोबाईलवर दाखवला. खाली बारीक, वर गोल, आणि त्या गोलात सगळीकडून काचा. तिच्या पुण्याच्या कंपनीने तिला आठ दिवसांच्या ट्रेनिंगला त्याच शहरात पाठवायचं ठरवलं, तेव्हा तिने आधी मला फोन केला. "आई, आजोबांना बघायचा होता तो मनोरा तिथंच आहे ना? तू चल. मी तिकीट काढते." आणि काढलंही. आता म्हणे मनोऱ्यावर वेळ ठरवून जावं लागतं. आम्हाला रविवारी संध्याकाळी साडेपाचची वेळ मिळाली आहे. परवा सकाळच्या एसटीने मी पुण्याला जायचं, तिथून दोघींनी रेल्वेने. सगळं ठरलंय, नवी चप्पलसुद्धा आणून झाली, आणि तरी गेले दहा दिवस माझं मन निघत नाही.

कारण म्हैस. तुम्हाला वेगळं सांगायला नको. गोठ्यात सध्या एकच दुभती आहे आणि ती माझ्या हाताशिवाय पान्हा सोडत नाही. तुमचे जावई घरजावई होऊन इथं आले, त्यांनी शेत सांभाळलं, पानशेतच्या हॉटेलांना दूध पोचवणं सांभाळलं, पण कासेखाली बसायचं माझ्याकडेच राहिलं. लग्न झाल्यापासून मी घराबाहेर रात्र काढली ती एकदाच, भोरच्या दवाखान्यात, बाळंतपणाला, आणि तेव्हा गोठा बघायला तुम्ही होता. भोंगवलीच्या नणंदेकडची सगळी लग्नं मी अक्षता टाकून, दोन घास खाऊन, दिवस मावळायच्या आत परत येऊन पार पाडली. शनिवार-रविवारी पुण्याची माणसं गाड्या घेऊन येतात, आपल्या अंगणात उभी राहून धरणाच्या पाण्याकडे बघतात आणि म्हणतात, किती मोकळं वाटतं ना इथं. मी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन ऐकते. एखाद दिवशी ती पाटी त्यांच्या गाडीवर रिकामी करीन, असं फार वेळा मनात आलंय.

तुम्हाला मनोऱ्याचं वेड लावलं ते काकाने. तो त्या मनोऱ्याच्या लिफ्टवर नोकरीला लागला होता. त्याची पत्रं यायची आणि तुम्हाला अक्षरओळख नाही म्हणून मी ओट्यावर बसून ती वाचून दाखवायची. वर गेलं की सगळं शहर दिसतं, बसगाड्या मुंग्यांएवढ्या होतात, असं तो लिहायचा. तुम्ही ते मला पुन्हा वाचायला लावायचात. वाडीतली माणसं तुमची थट्टा करायची. "डोंगराच्या माथ्याव जलमलेला मानूस, ह्येला वरनं बगायचं कवतिक कशापायी?" तुम्ही तंबाखू मळता मळता म्हणायचात, "डोंगरावनं डोंगूरच दिसत्यात. मला मानसं बगायचीत वरनं." हे वाक्य मी तुमच्या नातीला सांगितलं होतं, तिने ते लक्षात ठेवलं. पुढचं मात्र मी तिला कधी सांगितलं नाही.

आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची. म्हैस तिच्या हातची होती. तीन दिवस कास तटतटलेली, रेडकू सोडलं तर त्याच्यापुरतं दूध द्यायची, तुम्ही हात लावला की आखडून घ्यायची. चौथ्या दिवशी तुम्ही दांडीवरचं आईचं लुगडं काढलंत, दवाखान्यात गेली त्या सकाळपर्यंत ती धारेला नेसायची ते. धोतरावरून गुंडाळलंत, पदर डोक्यावर घेतलात आणि चरवी घेऊन खाली बसलात. म्हशीने मान वळवली, पदराचा वास घेतला, पुन्हा घेतला. आणि धार लागली. मी गोठ्याच्या दारात उभी आहे, हसावं की रडावं ते कळत नाही, आणि तुम्ही पदराआडून म्हणता, "बगती काय, रेडकू धर." बाई आजारी पडली की आपल्याकडे गडी असं करतात, पण दार लोटून, चोरून. तुम्ही तीन वर्षं दोन्ही वेळा दार सताड उघडं ठेवून केलंत. लुगडं धुवायचं नाही, एवढाच नियम. झटकायचं, उन्हात टाकायचं, पुन्हा दांडीवर.

मी चौदाची झाल्यावर काकाने तुम्हाला लिहिलं, आता ये, मी तुला फुकट वर नेतो. तुम्ही सहा दिवसांची सुट्टी मागितलीत, कुणाकडे तर म्हशीकडे. पंधरा दिवस मला ते लुगडं नेसवून कासेखाली बसवलंत, स्वतः शेजारी उभे राहिलात, मग दारात, मग अंगणात. म्हैस रुळली. पिशवीत सदरा भरला, धोतर भरलं, काकासाठी नाचणीचं पीठ भरलं. आणि निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी ते लुगडं ओढ्यावर नेलं आणि साबण लावून स्वच्छ धुतलं.

संध्याकाळी म्हशीने माझ्याकडे असं बघितलं, जशी मी कुणी परकी बाई. लाथ मारली, चरवी कलंडली. सकाळीही तेच. अंगणात तुमची पिशवी तयार, खालच्या रस्त्याला एसटी वाजली आणि गेली. तुम्ही माझ्या अंगावरून लुगडं सोडवून घेतलंत, नाकाला लावलंत आणि तसेच उभे राहिलात. मग म्हणालात, "कुनी सांगितलं व्हतं धुवाया?" मी म्हटलं, "तुमी जानार, सोबतीला सोयरी येतील, घान दिसंल म्हून." तुम्ही परत काही विचारलं नाहीत. वाडीतल्या बायकांनी माझी बाजू घेतली, पोर हाय, तिला काय कळतं. पुढे आठ दिवस तुम्ही आंबोणात गूळ कालवून म्हशीला नुसत्या हाताची सवय केलीत. काकाला पत्र मीच लिहिलं. पुढच्या वर्षी त्याची नोकरी सुटली, मग तुमचा गुडघा गेला, आणि मनोऱ्याचं नाव आपल्या घरात निघेनासं झालं. मला कितीतरी वर्षं वाटायचं, मनोरा हुकला म्हणून तुम्ही तसं विचारलंत. मग आमच्या लेकीचं टोपडं पेटीतून काढून नाकाला लावताना एकदा माझं मलाच कळलं, त्या सकाळी तुम्ही लुगड्यात काय शोधत होता. आई त्यातून गेली होती, आबा, आणि ती मी घालवली.

आता तुमच्या जावयांची पाळी. आधी ऐकायलाच तयार नव्हते. "साडी नेसून म्हस पिळू व्हय? ते हाटेलातलं पावणं फोटू काढत्यात. उंद्या सगळ्या पुण्याच्या मोबाईलवर ग्येलो म्हंजी?" मी म्हटलं, "आवं, माज्या बापानं तीन वर्सं क्येलं, दार उगडं ठिवून." मग ते तयार झाले. दार लावून का होईना, बसले. माझी धारेची साडी मी दहा दिवस धुतलेली नाही, आणि परवा त्यांनी ती गुंडाळून अर्धी चरवी दूध काढलं, काल पाऊण. बाहेर आले ते तोंड भरून हसत, डोक्यावरचा पदर काढायचं विसरलेले. म्हणजे आता मला अडवणारं काही उरलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता.

आज सकाळी धार झाल्यावर मी तीच साडी घेऊन नळावर गेले. बादली भरली, साबण हातात घेतला. कुणी सांगितलं नव्हतं. सोयरे येणार नव्हते. हात नुसते चाललेले, जसे त्या दिवशी ओढ्यावर चालले होते. बादली पालथी केली, कोरडी साडी तशीच पोटाशी धरून घरात आले आणि तुमच्या जावयांच्या हातात दिली. म्हटलं, "परवापत्तुर धारंची साडी तुमीच द्या, तुमीच घ्या. मदल्या वक्ताला माज्यापासनं लपवून ठिवा." ते हसले. "तुज्यापासनं? दागिना हाय का त्यो?" पण माझं तोंड बघून उठले आणि ट्रंकेत घालून कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या कडदोऱ्याला आहे.

आबा, ते लुगडं घाण दिसेल म्हणून मी धुतलं नव्हतं. आई दवाखान्यात गेली ती परत आली नाही, तुम्ही सहा दिवसांसाठी जाणार होता, आणि मला ठाऊक होतं म्हैस कशावर चालते. मी तुम्हाला दाव्याला बांधलं. पुढे त्याच गोठ्यात मी स्वतःलाही बांधून घेतलं आणि नाव म्हशीचं केलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुम्ही असता तरी ते मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, ओट्यावर बसून. आणि वरच्या एवढ्या ओळी मी गाळून पुढे वाचलं असतं.