पडदा बंद करून पाहिलेली वेबसाइट

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी जेवढी अंगं वाकली तेवढ्यांनी.) तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण विचारलं की ‘डोळेच गेले, आता तब्येत घेऊन काय करू’ असं तू म्हणतोस आणि वहिनींना तेही इमानेइतबारे लिहून पाठवावं लागतं. हे पत्रही त्याच वाचून दाखवत असणार, म्हणून त्यांनाही नमस्कार. (वहिनी, मागच्या पत्रातला तुमच्या घोरण्याबद्दलचा परिच्छेद तुम्ही गाळलात हे दादाच्या उत्तरावरून कळलं. या वेळी सगळं वाचायचं.) दृष्टी गेल्यापासून तुझ्या घरात संगणकाचं नाव काढायचं नाही, मी पाठवलेला बोलणारा संगणक तसाच पडून आहे, आणि ज्या माणसानं उभ्या गल्लीला तक्रारअर्ज लिहून दिले तो आता स्वतःचं पत्रही बायकोकडून लिहून घेतो, हे सगळं मला ठाऊक आहे. तेव्हा त्या विषयावर मी अवाक्षर काढणार नाही. फक्त ऑफिसातली गंमत सांगतो. त्या गमतीत संगणक येतो, त्याला माझा इलाज नाही.

आमच्या ऑफिसनं एका बस कंपनीची तिकिटांची वेबसाइट केली. त्यातला मजकूर माझा. आता यात एक नियम असा, की प्रत्येक चित्रामागे ते चित्र कशाचं आहे ते लिहून ठेवायचं. डोळसांना ते दिसत नाही. ज्यांना दिसत नाही त्यांना मशीन ते वाचून दाखवतं. हे ऐकलं मात्र, माझ्यातला कित्येक वर्षं उपाशी असलेला लेखक पानावर येऊन बसला. शोधायच्या बटणावर भिंगाचं चित्र होतं, त्यामागे मी लिहिलं, ‘निळ्या कडेचं नाजूक भिंग, दांडा किंचित उजवीकडे कललेला.’ बसच्या फोटोला तर अख्खा परिच्छेद वाहिला. आणि आमच्या साहेबांच्या फोटोमागे, कोण बघतंय म्हणून, ‘टक्कल नुकतंच पुसून घेतलेले गृहस्थ, हसू फोटोपुरतं’ असं लिहून मोकळा झालो. (वहिनी, हसू नका, पुढे वाचा.)

मग तपासणीला परीक्षक बाई आल्या. जन्मापासून दिसत नाही, वेबसाइटी तपासणं हाच त्यांचा धंदा, आणि स्वभाव असा की तुझी सख्खी बहीण शोभावी. आल्या आल्या त्यांनी माउस उचलून माझ्या हातात ठेवला, म्हणाल्या हा तुम्हीच सांभाळा. मग चक्क संगणकाचा पडदा बंद केला, म्हणाल्या, तो चालू ठेवला की तुम्ही लोक त्यात बघून मला शहाणपण शिकवता. आम्ही सगळे काळ्या पडद्यासमोर हात बांधून उभे. तेवढ्यात मशीन बोलू लागलं. दादा, तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा तो आवाज! ही कुठली भाषा असं मी विचारलं, तर ते मीच लिहिलेलं मराठी होतं. मला एक शब्द कळेना, आणि बाई ते ऐकता ऐकता साहेबांशी चहा फार गोड झालाय यावर बोलत होत्या. चहा संपायच्या आत त्यांनी आमच्या पानाचा नकाशा सांगितला. तिसरा मथळा मशीनच्या लेखी मथळाच नाही, नुसती जाड अक्षरं आहेत. खालची लिंक कुठेच जात नाही. मी तोंडात बोट घालून उभा राहिलो. ते पान मी उघड्या डोळ्यांनी रोज पाहत होतो, आणि मला ते असं एकदाही दिसलं नव्हतं.

पुढे माझी वरात निघाली. शोधायचं बटण आलं आणि मशीननं नाजूक भिंगाचं वर्णन सुरू केलं. बाई थांबल्या. हे करतं काय, असं त्यांनी विचारलं. शोधतं, म्हटलं. ‘मग शोधा म्हणा की! दार कुठंय ते सांगा, सागवानी आहे का ते घेऊन काय करू?’ आणि आम्हाला कळावं म्हणून त्यांनी आवाजाचा वेग कमी केला, तो नेमका साहेबांच्या फोटोपाशी. टक्कल, पुसणं, हसू, सगळं खणखणीत. मी हातातल्या माउसकडे बघत राहिलो. बाई मात्र टेबलावर हात आपटून हसल्या. म्हणाल्या, अख्ख्या वेबसाइटवर एवढंच एक वर्णन कामाचं आहे. मग साहेबांनाही हसावं लागलं. (फोटोपुरतं.)

पण सीट निवडायचं पान आलं आणि हसणं थांबलं. रिकाम्या सीट हिरव्या, भरलेल्या लाल. मशीन बिचारं नुसतं ‘सीट, सीट, सीट’ म्हणत बसलं. बाई शांतपणे म्हणाल्या, आता इथून पुढे कुणाला तरी विचारावं लागेल, आणि कुणाला विचारायला लागू नये म्हणूनच तर मी इथवर आले.

मग आम्ही दुरुस्तीला बसलो. मध्येच पडदा बंद करून मीही एकदा तिकीट काढायला गेलो, आणि कधी न पाहिलेल्या एका ड्रायव्हरविरुद्ध तक्रार नोंदवून परत आलो. (तो बिचारा खुलासा द्यायला येऊन गेला म्हणे.) सगळं झाल्यावर बाई पुन्हा आल्या, आणि स्वतःच्या बहिणीच्या गावचं खरंखुरं तिकीट त्यांनी एकटीनं काढलं. सीट घेतली खिडकीजवळची. मी मूर्खासारखा विचारून बसलो, खिडकी कशाला? ‘वारा काय फक्त डोळसांच्याच तोंडावर येतो?’ तुझी आठवण झाली रे, आणि रडू आलं. (वहिनी, हे वाचलंत तरी चालेल.)

मुलांना आशीर्वाद, तुम्हा दोघांच्या पायांवर डोकं.

तुझा,
धाकटा

ता. क. बाई म्हणतात त्या एकट्या पुरेशा नाहीत. ज्याची दृष्टी उतारवयात गेली, जो जागोजागी अडेल आणि प्रत्येक ठिकाणी शिव्या घालून ते लिहून पाठवेल, असा एक खडूस माणूस हवाय. स्वतःच्या सत्कारातल्या मानपत्रात ज्यानं चुका काढल्या, त्याचं नाव मी सुचवलंय. साहेब हो म्हणालेत.

ता. क. दुसरा. तुला एकही चूक सापडणार नाही, असं मी ऑफिसात छातीठोकपणे सांगितलंय. वहिनींच्या अक्षरातलं उत्तर धरलं जाणार नाही.

ता. क. तिसरा. वहिनी, ही ओळ मनातल्या मनात वाचा. तो आता तणतणत उठून त्या पडून असलेल्या संगणकापाशी जाईल. तुम्ही शेजारच्या घरी जाऊन बसा, आणि त्यानं कितीही हाका मारल्या तरी ऐकू आल्या नाहीत म्हणा.