दहा लाख एकाला भाग जात नाही

झाशी, भाद्रपद शुद्ध अष्टमी, १९६८

ती. रमाकांतदादांस,

धाकट्या जनार्दनाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा आणि वहिनींचा दमा ग्वाल्हेरच्या हवेत आटोक्यात असेल असं धरून चालतो. इकडे सगळ्यांच्या प्रकृती ठणठणीत आहेत. माझी अब्रू तेवढी गेली असं लोक म्हणतात, मी मानत नाही.

झालं असं, की आपल्या गणेश मंडळाने यंदा दहा लाख एक वेळा रामनाम लिहायचं ठरवलं (वरचा एक शुभ म्हणून). अध्यक्ष आबासाहेबांची अट अशी, की प्रत्येक घराने सारखंच लिहायचं, एकही कमीजास्त नाही. वाटणी अर्थात माझ्याकडे आली. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, दुसरं कोण करणार? आपली घरं सत्त्याण्णव. मी दोनपासून सत्त्याण्णवपर्यंतच्या पंचवीसही मूळ संख्यांनी (इथली पोरं अभाज्य म्हणतात) भागून पाहिलं. एकानेही भाग जाईना. सभेत छातीठोक सांगितलं, ही संख्याच मूळ आहे, कुणी भागून दाखवावी, मी पुन्हा खडू हातात धरणार नाही. (हजारापर्यंत तपासायला हवं होतं हे मलाही कळतं. पण घरंच सत्त्याण्णव, तर पुढे कशाला जायचं?)

तेवढ्यात मागून पुष्पाताई उठल्या. साताऱ्याकडच्या, यजमान बबीन्याच्या छावणीत हवालदार. म्हणाल्या, "गुरुजी, आमची बबीन्याची चार घरं धरलीत का?"

नव्हती धरली. धरली तर एकशे एक घरं, आणि प्रत्येकी नऊ हजार नऊशे एक, बाकी शून्य. बाईंनी पाटीवर मांडून दाखवलं. मी म्हटलं, फौजेची माणसं, दोन वर्षांत बदली होऊन जाणार, त्यांना कसलं धरता? आबासाहेब शांतपणे म्हणाले, "मास्टरजी, गणपति भी तो दस ही दिन रहते हैं।" सगळी सभा हसली, दादा. सख्खी बायको असून आपली अनुसूयासुद्धा हसली.

तेव्हा मी माझंच घर काढून घेतलं. आता उरली शंभर घरं. शंभराने भागा, बाकी एक उरतो. वाटणीच्या कागदावर मी सही केल्याशिवाय आबासाहेबांचा संकल्प पुरा होत नाही, आणि मी सही करणार नाही. सत्त्याण्णव घरांपुरतं माझं गणित बरोबर होतं, एवढं त्यांनी सभेत म्हणावं. नाक घासत येणाऱ्यातला मी नाही.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
जनार्दन

ता. क. नऊ हजार नऊशे एक ही मात्र खरोखरची मूळ संख्या आहे. इथे सत्त्याण्णवपर्यंत तपासलं की पुरतं. आबासाहेबांना सांगितलं नाही.

ता. क. २. आपल्या घराची वही अनुसूयेने आधीच आणून ठेवली होती. रिकामी पडलेली बघवेना. नऊ हजार नऊशे लिहून झालेत. शेवटचा मी लिहिणार नाही, शब्द म्हणजे शब्द. चतुर्दशीच्या आत येऊन तेवढा तुम्ही लिहून जा. आपलं अक्षर सारखंच आहे.