‘पा’च्या पुढचं

लातूर

…मी ‘पा’ म्हणालो आणि तिथंच अडकलो. डाळमिलच्या गुरुबसप्पा मालकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “पाणी व्हय? अरे, मग एवढा घाबरायलास कशाला? ने की.”

दाजी, तुम्हाला आणि आक्काला सप्रेम जय भीम. पत्र असं अर्ध्यातूनच सुरू झालं, माफ करा. ही गोष्ट डोक्यात इतकी पुढं होती की जय भीम मागं राहिला. आक्काची कंबर कशी आहे? वसतिगृहातली पोरं तुम्हाला ‘सर’ म्हणतात की ‘साहेब’? (‘साहेब’ म्हटलेलं तुम्हाला आवडतं, असं आक्का सांगत होती. मी ऐकलं नाही असं समजा.) किनवटला जंगल आहे, तेव्हा विहिरीला पाणी असेल. इथं यंदाही पाऊस नाही. लातूर जिल्हा झाला, साहेब लोक राहायला आले आणि आमच्या घरमालकानं भाडं वाढवलं. त्याला कुणापुढं उभं राहावं लागलं नाही.

मला पगार वाढवून मागायचा होता. डाळमिलचा हिशेब मी बघतो. बसवंत माझ्या मागून आला, काम माझ्याकडून शिकला आणि आज त्याचा पगार माझ्यापेक्षा जास्त आहे. तो मालकांचा पाव्हणा. सणावाराला त्यांच्याकडे जेवायला असतो. तिथं ताटात वाढतात तसं पगारातही वाढत असावेत. कसा मागितलास, असं मी त्याला विचारलं. “त्यात काय मागायचं? आपोआप व्हतं,” तो म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, आणि मला राग आला तो त्याचाच. माझ्यात आत्मविश्वास कमी आहे असं मी इतके दिवस समजत होतो. त्याच्यातही काही फार नसेल. त्याला कधी लागलाच नाही.

मग घरी बायकोसमोर तालीम घेतली. पंचशीला मालक झाली. (भूमिका तिला फारच जमली. आधी मला बराच वेळ दारात उभं केलं.) मी म्हणालो, “मालक, माझा पगार वाढवा.” कितीदा तरी म्हणालो आणि दर वेळी ‘वाढवा’पाशी आवाज खाली गेला, मान वाकली. “पगार मागायलाव का भाकर?” असं म्हणून ती हसली आणि लगेच जीभ चावली. आक्कानं तुम्हाला सांगितलं असेल, निलंग्याकडच्या आमच्या गावात आजी दिवस मावळताना टोपलं घेऊन दारोदार जायची. ‘भाकर वाढा वो माय.’ मी तिचा पदर धरून मागं असायचो. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा तिनं ते टोपलं चुलीत घातलं. टोपलं जळालं, वाकलेली मान माझ्याकडे राहिली. मी बी.ए. झालो (त्यात मराठीला चांगले मार्क), तरी तो शब्द तोंडात आला की मान आपोआप खाली जाते. बसवंताचं होतं तसंच, आपोआप. शेवटी पंचशीलानं तोड काढली. “‘वाढवा’ म्हणूच नका. ‘पाहिजे’ म्हणा. अन् ते आधी म्हणा, न्हाईतर राहून जातंय.”

म्हणून ‘पा’. पुढचं मालकांनी त्यांच्या सोयीनं भरलं. मिलच्या बोअरवरून रोज घागर भरून न्यायची परवानगी मिळाली. “तू काय परका हायस? घरचाच हायस,” असंही म्हणाले. मी ‘मेहेरबानी’ म्हणालो आणि बाहेर आलो. आमच्या गल्लीत टँकरपाशी भांडणं होतात. तिथं माझा भाव वाढला. पगार सोडून सगळं वाढलं. आजीचा हात असल्या घरच्या पाण्याला कुणी लागू दिला नसता, तेव्हा ही गोष्ट लहान नाही, हे मला कळतं. पण मी पाणी मागायला गेलो नव्हतो. आणि न मागितलेलं मिळाल्यावर, मागायचं राहिलेलं कोणत्या तोंडानं मागावं?

आक्काला सांभाळा.

तुमचा
रामकिशन

ता. क. पत्र खरं तर यासाठी. तुमच्या वसतिगृहात कारकुनाची जागा निघणार असं ऐकतो. ती मला पाहिजे. (बघा, लिहायला जमतं.)

आणखी एक ता. क. रात्री पत्र पेटीत टाकायचं राहिलं. आज सकाळी घागर भरून मी बाजूला झालो आणि गुंडप्पा वॉचमन राखेनं नळ घासायला लागला. “मनावर घेऊ नका सायेब, अव्वांनी सांगितलंय.” अव्वा म्हणजे मालकांच्या आई. मी घागर तिथंच ठेवली आणि आत गेलो. “आता काय? पाणी दिलं की,” मालक म्हणाले. मी म्हणालो, “पाहिजे. पगार. बसवंताइतका.” मान सरळ होती, मी लक्ष ठेवून होतो. मालक चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “लिही पुढच्या महिन्यापासून. लिहितोस तूच की.”

घागर न घेता घरी आलो, तत्त्व म्हणून. पंचशीलानं सगळं ऐकून घेतलं. “तत्त्व ठिवा तुमच्यापाशी. घागर माझ्या आईनं दिलेली हाय.” ती मिलवर गेली, नळ सोडून हात धुतले, गुंडप्पाला म्हणाली, “घासा परत,” आणि भरली घागर डोक्यावर घेऊन पुढच्या फाटकातून बाहेर आली.

जागेचं राहू द्या.